शिफारसपत्र मागायला मॅडमकडे जाताना

‘शिफारस’ हा शब्द आपल्याकडे बदनाम झालाय. बदली थांबवायला, नोकरी लावून द्यायला, दवाखान्यात खाट मिळवायला लावतात ती शिफारस. त्यामुळे बारावीतलं पोर परदेशातल्या विद्यापीठाच्या अर्जासाठी शिफारसपत्र मागायला येतं तेव्हा स्टाफरूमच्या दारातच घुटमळतं. नजर खाली, आवाज बारीक, वशिला मागायला आल्यासारखं. मी नाशिकच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात १८ वर्षं भौतिकशास्त्र शिकवते. दरवर्षी पाच-सहा मुलं अशी येतात आणि त्यांतली निम्मी चुकीच्या वेळी, चुकीच्या तयारीनं येतात. हुशार असतात, पण हे कसं मागायचं ते त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

विद्यापीठ तुमच्या शिक्षकांकडून साक्ष मागत असतं. ‘या मुलीला आम्ही पाहिलेलं नाही, तुम्ही पाहिलंय. काय पाहिलंत ते सांगा,’ एवढाच त्यांचा प्रश्न. ही गोष्ट डोक्यात पक्की बसली की कुणाकडे जायचं, काय बोलायचं, सोबत काय न्यायचं, हे सगळं आपोआप सुचत जातं.

आधी बघा, तुम्हाला लागतं का आणि किती

एमएचटी-सीईटी देऊन कॅप राउंडमधून इंजिनिअरिंगला जाणाऱ्याला शिफारसपत्र लागत नाही. तिथे पर्सेंटाइल बोलतं. म्हणूनच आपल्याकडच्या बहुतेक घरांत हा कागद कुणी पाहिलेला नसतो आणि अनेक पालक त्याला चारित्र्याचा दाखला किंवा बोनाफाइड समजतात. ऑफिसच्या खिडकीवर अर्ज दिला, शिक्का मारून मिळाला, असं हे काम नाही.

अमेरिकेत पदवीला जायचं असेल तर बरीच विद्यापीठं कॉमन अ‍ॅप नावाच्या एकाच अर्जातून प्रवेश देतात. त्यात साधारण एक किंवा दोन विषय शिक्षकांची पत्रं लागतात आणि शिवाय शाळेच्या समुपदेशकाचं एक. आपल्या कनिष्ठ महाविद्यालयांत समुपदेशक बहुधा नसतातच, ती जबाबदारी प्राचार्य, उपप्राचार्य किंवा वर्गशिक्षक घेतात. तेव्हा हे काम कोण करणार ते कॉलेजात आधी विचारून ठेवा. ब्रिटनमध्ये यूकास या सामाईक अर्जव्यवस्थेमार्फत अर्ज होतो. तिथे पत्र एकच, कॉलेजच्या वतीनं दिलेलं. २०२४ च्या प्रवेशापासून त्याचे तीन ठरावीक भाग केलेत, त्यामुळे जुने नमुने उपयोगाचे नाहीत.

पदवीनंतर एमएसला, म्हणजे परदेशात पदव्युत्तर शिक्षणाला, जाणाऱ्यांना बहुतेक ठिकाणी तीन पत्रं लागतात. आणि परदेशाचा विचार नसला तरी हे शिकून ठेवा. आपल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात, तिलासुद्धा शिक्षकाचं पत्र लागतं. विज्ञानाच्या मुलांनी तो अर्ज जरूर करावा असं मला मनापासून वाटतं.

कुणाकडे मागायचं

सगळ्यात मोठी चूक इथे होते. मुलं, आणि त्यांच्याहून जास्त पालक, मोठं नाव शोधतात. प्राचार्यांचं पत्र घ्या, संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचं घ्या, आमच्या ओळखीचे आमदार आहेत त्यांचं लेटरहेड आणतो. ज्या माणसानं तुम्हाला कधी फळ्यापाशी उभं पाहिलं नाही तो काय साक्ष देणार? ‘हा मुलगा होतकरू असून सुस्वभावी आहे’, एवढंच. अशी दोन वाक्यं वाचून तिकडचा माणूस पुढचा अर्ज उघडतो.

ज्यांनी तुम्हाला काम करताना पाहिलं त्यांच्याकडे जा. पदवीच्या अर्जासाठी अकरावी-बारावीचे शिक्षक असावेत आणि जो विषय पुढे शिकायचा आहे त्याच्या जवळचे निदान एक तरी असावेत. ज्या विषयात सगळ्यात जास्त मार्क पडले त्याच विषयाचे शिक्षक हवेत असं नाही. केमिस्ट्रीत पहिल्या चाचणीला ४० पैकी १४ मिळवून वर्षाअखेरीला ३४ वर गेलेल्या मुलाबद्दल केमिस्ट्रीच्या सरांकडे सांगण्यासारखं जास्त असतं.

आता एक अवघड गोष्ट. बरीच मुलं इंटिग्रेटेड बॅचला असतात. कॉलेजचं नाव कागदावर आणि दिवसभर बसणं क्लासमध्ये. मग कॉलेजातल्या शिक्षकांना त्यांचा चेहराच माहीत नसतो. क्लासचे सर तुम्हाला ओळखतात, पण विद्यापीठ विषय शिक्षक म्हणतं तेव्हा त्याला शाळा-कॉलेजातले शिक्षक अभिप्रेत असतात. क्लासच्या सरांचं पत्र चाललंच तर जादाचं म्हणून चालतं. तुम्ही अशा बॅचला असाल आणि बाहेर अर्ज करायचा विचार असेल, तर अकरावीतच कॉलेजची प्रॅक्टिकल्स नेमानं करायला लागा. प्रॅक्टिकलला २० मुलांची बॅच असते आणि त्यात शिक्षकांना माणूस दिसतो.

इंजिनिअरिंगवाल्यांनी प्रोजेक्ट गाइड पहिले धरावेत. त्यांनी तुम्हाला वर्षभर पाहिलेलं असतं, बंद पडलेल्या सर्किटसकट. विभागप्रमुख तुम्हाला शिकवायला असतील तरच. दोन-तीन वर्षं नोकरी झाली असेल तर तिसरं पत्र अंबड-सातपूरच्या कारखान्यातल्या किंवा पुण्याच्या ऑफिसातल्या थेट वरिष्ठांचं घ्या.

कधी मागायचं

शिक्षकाला निदान चार आठवडे द्या. सहा दिलेत तर उत्तम.

आता आपलं वर्ष डोळ्यांसमोर आणा. अमेरिकेतल्या लवकरच्या अर्जांची मुदत साधारण १ किंवा १५ नोव्हेंबर असते. यूकासमध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि बहुतेक मेडिकलसाठी १५ ऑक्टोबर, ब्रिटनच्या वेळेप्रमाणे संध्याकाळी ६, म्हणजे आपल्याकडे रात्री १०:३०. आणि आपल्या कॉलेजात ऑक्टोबर म्हणजे सत्र परीक्षा, पेपर तपासणी, मग लगेच दिवाळीची सुट्टी. दिवाळीत नाशिकच्या स्टाफरूमला कुलूप असतं. कुणी गावी निफाडला, कुणी मुलाकडे पुण्याला. ऑफिस बंद, त्यामुळे लेटरहेड नाही, शिक्का नाही, जावक क्रमांक नाही. एका वर्षी एक मुलगा लक्ष्मीपूजनाच्या दिवशी माझ्या घरी आला होता, मुदत दुसऱ्या दिवसाची. पत्र मी लिहिलं, पण जे लिहायला हवं होतं ते आठवायला मला सवड मिळाली नाही, आणि याची मला आजही चुटपुट आहे.

म्हणून तोंडी विचारणं अकरावीच्या शेवटी किंवा बारावीच्या जून-जुलैत उरकून घ्या. तेव्हा शिक्षकांना तुम्ही ताजे आठवत असता. कॉमन अ‍ॅपचा नवा हंगाम १ ऑगस्टला उघडतो, लिंक त्यानंतर पाठवा. गणपतीच्या आधी माहितीचा कागद त्यांच्या हातात असला की मधल्या शांत दिवसांत पत्र लिहून होतं. एमएसवाल्यांनी ध्यानात ठेवावं की नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तुमच्या सरांचे ओरल आणि सबमिशन चालू असतात आणि तुमच्या बऱ्याच मुदती त्याच १५ डिसेंबरच्या आसपास येतात. शिवाय निवडणूक आली की अनुदानित संस्थांतल्या शिक्षकांना ड्यूटी लागते, ती सांगून येत नाही. आणि २०२७ मध्ये ऑगस्ट-सप्टेंबरला नाशिकमध्ये सिंहस्थाची स्नानं आहेत. पर्वणीच्या दिवसांत शहरात इकडून तिकडे जाणं किती जिकिरीचं होतं ते २०१५ पाहिलेल्यांना विचारा. त्या वर्षी अर्ज करणाऱ्यांनी सगळं महिनाभर अलीकडे ओढावं.

कसं विचारायचं

प्रत्यक्ष भेटून. तास संपल्यावर, शिक्षक एकटे असताना. वर्गासमोर किंवा दुसऱ्या शिक्षकांसमोर विचारलंत तर त्यांना नाही म्हणता येत नाही, आणि नाइलाजानं दिलेलं ‘हो’ पत्रात उतरतं. आई-बाबांना विचारायला पाठवू नका. भेटवस्तू आणू नका. पेढे प्रवेश मिळाल्यावर आणा, ते मी आनंदानं खाईन.

भेटीची वेळ व्हॉट्सअ‍ॅपवर मागायला हरकत नाही. असं लिहा:

‘नमस्कार मॅडम. मी बारावी विज्ञान, ब तुकडी, रोल नंबर ४२. मागच्या वर्षी गुरुवारच्या प्रॅक्टिकल बॅचला तुमच्याकडे होते. पदवीसाठी परदेशातल्या काही विद्यापीठांना अर्ज करते आहे, त्यासाठी विषय शिक्षकांचं पत्र लागतं. त्याबद्दल तुम्हाला भेटून विचारायचं होतं. उद्या किंवा परवा तास संपल्यावर दहा मिनिटं मिळतील का? तुम्ही म्हणाल त्या वेळेला मी थांबेन.’

तुकडी, बॅच आणि वार यांमुळेच आम्हाला चेहरा आठवतो. आम्ही वर्षाला काही शे मुलांना शिकवतो.

भेटल्यावर ‘मॅडम, पत्र द्याल का?’ एवढंच विचारू नका. असं विचारा: ‘मॅडम, माझ्याबद्दल मनापासून चांगलं लिहिता येईल इतकं तुम्ही मला ओळखता असं तुम्हाला वाटतं का?’ हा प्रश्न विचारायला धीर लागतो, पण त्यात शिक्षकाला सन्मानानं बाजूला होण्याची वाट असते. मी दोन मुलांना ‘बाळा, तू मॅथ्सच्या सरांकडे जा, ते तुला जास्त ओळखतात’ असं सांगितलंय, आणि त्यात त्यांचं भलंच होतं. शिक्षक आढेवेढे घेत असतील, ‘बघू’, ‘सध्या वेळ नाहीये’ म्हणत असतील, तर तो नकार समजा, आभार माना आणि दुसरीकडे जा. राग धरू नका.

माहितीचा कागद

हो म्हटल्यावर आठवड्याच्या आत शिक्षकांना एक कागद द्या, छापील. फार तर दीड पान. वर तुमचं पासपोर्टवरचं नाव, कोणत्या विद्यापीठांना आणि कोणत्या विषयासाठी अर्ज करताय, प्रत्येकाची मुदत भारतीय तारखेत, पत्र कसं जाणार (लिंकवरून की पाकिटातून). मग दहावी-अकरावीचे मार्क. मग तो विषय का शिकायचा आहे ते चार ओळींत, तुमच्या शब्दांत, मराठीत लिहिलंत तरी चालेल. हे सगळं सोपं आहे, दहा मिनिटांत होतं.

खरं काम शेवटच्या भागात आहे. तिथे त्या शिक्षकांच्या तासाला किंवा प्रयोगशाळेत घडलेले दोन-तीन प्रसंग लिहायचे, त्यांना आठवावेत म्हणून.

एका मुलीनं मला पहिला कागद आणून दिला त्यात सगळी प्रशस्तिपत्रकं होती. वक्तृत्व स्पर्धेत तिसरी, चित्रकलेची इंटरमीजिएट परीक्षा, स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन. मी तिला म्हटलं, हे सगळं तुझ्या अर्जात येणारच आहे, मी पाहिलेलं काय ते लिही. दोन दिवसांनी ती परत आली. कागदाच्या तळाला एकच ओळ वाढवली होती: ‘मॅडम, पोटेन्शिओमीटरची बॅटरी उतरली होती तो दिवस आठवतो का?’

आणि ती अख्खी दुपार माझ्यासमोर उभी राहिली. दोन सेलच्या ईएमएफची, म्हणजे विद्युतदाबाची, तुलना करायचा प्रयोग होता. तिच्या टेबलावर गॅल्व्हनोमीटरचा काटा तारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच बाजूला वळत होता, काटा जिथे शून्यावर येतो तो शून्य बिंदू मिळतच नव्हता. शेजारच्या मुलांनी मागच्या बॅचच्या जर्नलमधून आकडे उतरवले आणि सही घ्यायला रांग लावली. हिच्या जर्नलमध्ये तक्ता रिकामा होता आणि खाली लिहिलं होतं, ‘शून्य बिंदू मिळाला नाही.’ मग तिनं व्होल्टमीटर लावून मुख्य बॅटरी मोजली. ती ज्या सेलचं मोजमाप करायचं त्याच्याहूनही कमी भरली, म्हणून शून्य बिंदू मिळत नव्हता. दुसरी बॅटरी मागून घेऊन ती पाच वाजेपर्यंत एकटी थांबली. तिची निफाडची एसटी चुकली होती. माझं पूर्ण पत्र त्या रिकाम्या तक्त्यावर उभं राहिलं. ‘मेहनती’ आणि ‘प्रामाणिक’ हे दोन शब्द मला लिहावेच लागले नाहीत.

तुमच्याकडेही असा एखादा प्रसंग असतो. तो यशाचाच असायला हवा असं मुळीच नाही. चुकलेलं गणित घेऊन तीन वेळा स्टाफरूममध्ये येणं, मागच्या बाकावरच्या मुलाला मराठीतून समजावून सांगणं, फळ्यावरची माझी चूक हात वर करून दाखवणं, हे आम्ही पाहिलेलं असतं. फक्त ते आम्हाला आठवून द्यावं लागतं.

‘तूच लिहून आण, मी सही करतो’

हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळेल. शिक्षक वाईट असतात म्हणून ते असं म्हणत नाहीत. चार तुकड्या, पेपरांचे गठ्ठे, बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम, आणि अनेकांना इंग्रजीत दोन पानं लिहायचा सराव नसतो. पण तुम्ही लिहून नेऊ नका. ते पत्र तुम्हीच लिहिलंय हे वाचणाऱ्याला कळतं: तुमच्या निबंधातलीच वाक्यं, तेच शब्द, तेच किस्से तिथेही येतात. तीन शिक्षकांची तीन पत्रं एकाच हातची निघाली की सगळा अर्ज संशयात जातो. आणि अर्ज करताना तुम्ही सगळं खरं असल्याचं लिहून दिलेलं असतं.

मग सरांना दुखवायचं कसं नाही? असं म्हणा: ‘सर, मी लिहिलं तर ते माझ्याच भाषेत येईल आणि विद्यापीठाला तुमचे शब्द हवे आहेत. तुम्ही मराठीत सांगा, पाच मिनिटं बोला, मी टिपून घेतो आणि तुम्हालाच देतो.’ यावर बहुतेक सर हसतात आणि बोलायला लागतात. बोलताना जे निघतं ते तुम्हाला कधीच सुचलं नसतं.

सरांनी मराठीत पत्र लिहिलं तरी अडत नाही. ते इंग्रजीत आणायचं काम कॉलेजातल्याच इंग्रजीच्या शिक्षकांना विनंती करून करून घ्यावं, तुम्ही स्वतः भाषांतर करू नये. मूळ आणि भाषांतर दोन्ही जोडावीत, दोघांच्या सह्यांसकट. भाषांतराबद्दल त्या विद्यापीठाचा नियम आधी वाचून घ्या.

एवढं करूनही सर ऐकत नसतील तर दुसरे शिक्षक बघा. साधंच, पण खरं पत्र मला कधीही चालेल.

पोर्टल, ई-मेल आणि नावाचा घोळ

आता पत्र हातात मिळत नाही. तुम्ही अर्जात शिक्षकांचं नाव आणि ई-मेल भरता, त्यांना लिंक जाते, ते पत्र तिथे चढवतात. ती लिंक त्यांना विचारल्याशिवाय कधीही पाठवू नका. कॉमन अ‍ॅपमध्ये आधी निदान एक विद्यापीठ यादीत घालावं लागतं आणि एक संमती भरावी लागते, मगच शिक्षकांना निमंत्रण जातं. ही संमती अमेरिकेच्या १९७४ च्या एका कायद्यावरून आली आहे. तिकडे प्रवेश घेतल्यावर आपल्याबद्दलची पत्रं बघायचा विद्यार्थ्याला हक्क असतो, तो हक्क सोडता का असं तिथे विचारतात. सोडा. शिक्षक मोकळेपणानं लिहितात आणि वाचणाराही पत्रावर जास्त विश्वास ठेवतो.

ई-मेल शक्यतो कॉलेजच्या नावाचा द्या. आपल्याकडे बऱ्याच शिक्षकांकडे नुसतं जीमेल असतं. तसं असेल तर कॉलेजच्या ऑफिसकडून अधिकृत आयडी मिळतो का ते जुलैतच विचारा, आणि नसेलच मिळत तर पत्र लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, पदनाम आणि कॉलेजच्या फोन नंबरसह असू द्या. लिंक गेली की सरांना फोन करून स्पॅम फोल्डर बघायला सांगा. माझ्याकडच्या निम्म्या लिंक तिथेच सापडल्यात.

कॉमन अ‍ॅपमध्ये एकच पत्र सगळ्या विद्यापीठांना जातं. एमएसला मात्र बहुतेक ठिकाणी प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं पोर्टल, वेगळा फॉर्म. तुम्ही आठ ठिकाणी अर्ज केलात तर तीन सरांना मिळून २४ फॉर्म भरावे लागतात. हे आधी सांगा, आणि यादी छोटी ठेवा.

नाव तपासा. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं, मग वडिलांचं, आईचं वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर दुसराच क्रम. पत्रात तिसराच असला तर तिकडे कागद जुळत नाहीत. माहितीच्या कागदावर पासपोर्टचं नाव मोठ्या अक्षरात लिहा, इंग्रजी स्पेलिंगसह.

आठवण करून देणं, आणि त्यानंतर

मुदतीच्या दोन आठवडे आधी एक साधा मेसेज: ‘सर, पहिली मुदत १ नोव्हेंबर आहे, माझ्याकडून काही हवं असेल तर सांगा.’ मग आठवडाभर आधी एक. तीन दिवस राहिले तर फोन करा किंवा जाऊन भेटा. शिक्षकांना आठवण करून देण्यात उद्धटपणा नाही, रोज दोनदा मेसेज टाकण्यात आहे. अर्जात पत्र पोहोचल्याचं दिसलं की त्याच दिवशी कळवा, म्हणजे त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरतं.

निकाल आल्यावर सांगायला या. नकार आला असेल तरी या. मला पाच नकार आणि एक होकार सांगणारा मुलगा चालतो. फेसबुकवरून होकार कळला की मन खट्टू होतं.

शिक्षण संपून चार-पाच वर्षं झाली असतील आणि आता पत्र हवं असेल, तर सर निवृत्त झाले नाहीत ना ते आधी बघा. निवृत्तीनंतर कॉलेजचा ई-मेल बंद होऊ शकतो. तसं असेल तर जुन्या बॅचमधून त्यांचा नंबर मिळवा, प्रोजेक्टचा रिपोर्ट किंवा जर्नल बासनातून काढा आणि ते घेऊन त्यांच्या घरी जा. तुमचं नाव त्यांना आठवणार नाही कदाचित. जर्नलवरची स्वतःची लाल सही मात्र ते लगेच ओळखतात, आणि मग पानं उलटत उलटत बोलायला लागतात. तेव्हा वही-पेन जवळ असू द्या.